बाबांच्या टीपीएनच्या पिशवीवरचा काळा कागद

सातरस्ता
१४ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या बाबांच्या (वय ६८) आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा बराच भाग काढावा लागला. तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा बंद आहे. मानेजवळच्या सेंट्रल लाईनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) टीपीएन, म्हणजे सगळं पोषण थेट शिरेतून, चालू आहे, आज नववा दिवस.

रोज संध्याकाळी नवी पिशवी लागते. तीन कप्प्यांची असते. सिस्टर ती टेबलावर ठेवून वरून पोळीसारखी गुंडाळत आणतात, मधल्या शिवणी फटाफट सुटतात आणि सगळं मिसळून दुधासारखं होतं. मग तपकिरी काचेची अँप्यूल फोडून त्यातलं पिवळंधमक औषध सिरिंजने पिशवीत सोडतात, नीट हलवतात आणि वरून काळा कागद गुंडाळून चिकटपट्टी लावतात.

काल दुपारच्या पाळीला नवीन ब्रदर होता. किती उरलंय ते दिसत नाही म्हणून त्याने कागद काढून टाकला. बाबांची खाट पश्चिमेच्या खिडकीला लागून. दुपारी तीन ते सहा पिशवीवर सरळ ऊन, आणि ऊन म्हणजे आपलं सोलापूरचं मे महिन्यातलं. मी शेजारीच बसले होते, पण मला काय कळतंय. संध्याकाळी मोठ्या सिस्टर आल्या आणि त्या पोराला फाडून खाल्लं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो ताई, व्हिटॅमिन मरतात उन्हात."

हे खरं का? आणि खरं असेल तर उन्हात तापलेलं ते औषध बाबांच्या अंगात गेलं, त्याने काही अपाय होईल का? रात्रभर झोप नाही. काका म्हणतात, तक्रार करू. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. माणसं चांगली आहेत.


तिरकस
१४ मे, रात्री ११:०८

व्हिटॅमिन मरतात म्हणजे आधी जिवंत होते म्हणायचे. असो, ताई, बाबा लवकर बरे होवोत. इथे गोळीवाले अण्णा येतील थोड्या वेळात, ते सांगतील नीट.


गोळीवाले_अण्णा
१४ मे, रात्री ११:४१

आलो. दुकान वाढवून आत्ताच जेवलो. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली, आता स्वतःचं मेडिकल आहे, त्यामुळे या विषयावर मला थांबवणं अवघड. पसरट होईल, सांभाळून घ्या.

आधी तुमच्या झोपेचं बघू. एका दुपारच्या उन्हाने बाबांचं काही बिघडणार नाही. साखर, अमिनो आम्लं, क्षार यांना तीन तासांत तसा फरक पडत नाही. मार बसला तो जीवनसत्त्वांना, त्यातही मुख्यतः अ आणि ब-२ ला. अ जीवनसत्त्वाचा साठा मोठ्या माणसाच्या यकृतात महिनोन् महिने पुरेल इतका असतो. एक दिवस कमी मिळालं म्हणून तो रिकामा होत नाही. हेच रोज झालं आणि टीपीएन दोन-तीन महिने चाललं, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता सिस्टरचं म्हणणं. शब्द गमतीचा आहे, पण बाई शंभर टक्के बरोबर आहेत.

पिशवीत तीन कप्पे का? साखर आणि अमिनो आम्लं एकत्र ठेवून तापवली की ती तांबूस होतात, भाकरीवर डाग पडतात तसंच. म्हणून दोन्ही वेगळी ठेवून निर्जंतुक करतात. तिसऱ्या कप्प्यात तेलाचं दुधी मिश्रण. मग जीवनसत्त्वांसाठी चौथा कप्पा का नाही, असं मला औषध कंपनीच्या एका एमआरने, म्हणजे विक्री प्रतिनिधीने, विचारलं होतं (विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं, चालायचंच). पिशवी निर्जंतुक करायची म्हणजे १२१ अंशाची वाफ, आणि त्यानंतर ती महिनोन् महिने गोदामात पडून राहणार. काही जीवनसत्त्वं त्या वाफेतच जातील, उरलेली गोदामात. म्हणून बहुतेक तीनकप्पी पिशव्या जीवनसत्त्वांशिवाय येतात. ती वॉर्डात, अगदी शेवटी घालायची. आणि घातल्या क्षणापासून घड्याळ चालू. चोवीस तासांत पिशवी संपली पाहिजे, उरली तर टाकायची. पिशवीवरच्या चिठ्ठीत वेळ लिहिलेली दिसेल, उद्या बघा.

कंपनीने तीच जीवनसत्त्वं तपकिरी काचेत भरून, वरून खोक्यात घालून पाठवली. आपण अँप्यूल फोडून ती पारदर्शक पिशवीत ओतली आणि खिडकीत टांगली. मग त्या तपकिरी काचेचा उपयोग काय झाला, सांगा.

उजेडाने सगळ्यात आधी जातं ते अ. खिडकीतल्या थेट उन्हात काही तासांतच त्याचा मोठा हिस्सा नासतो, ट्यूबलाईटखाली बराच कमी. ब-२ आणि के यांनाही उजेड सोसत नाही. पिशवीतल्या तेलामुळे द्रव दुधी असतो, त्याची थोडी सावली मिळते, पण ती पुरेशी नाही. क जीवनसत्त्वाचं दुखणं वेगळंच, त्याला हवा खाते. त्यावर उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

तक्रारबिक्रार नको. मोठ्या सिस्टरना सांगून खाट तेवढी खिडकीपासून हलवून घ्या.


सातरस्ता
१४ मे, रात्री ११:५५

अण्णा, डोळ्यांत पाणी आलं. आता झोपते.


हातमाग
१५ मे, सकाळी ७:२०

आमचं अशोक चौकात तीन पिढ्यांचं मागाचं काम. अण्णांचं वाचून आजोबा आठवले. रंगवलेलं सूत ते उन्हात वाळवू द्यायचे नाहीत, कच्चा रंग असेल तर मुळीच नाही. म्हणायचे, ऊन पाणी नेतं आणि जाताजाता रंगही नेतं. चादरीची घडी दुकानाच्या दर्शनी काचेत महिनाभर राहिली की वरचा पट्टा फिका आणि आतला जसाच्या तसा. मग ती 'डिस्काउंट'मध्ये.

म्हणून एक शंका. काळ्या कागदाऐवजी पिशवीवर सोलापुरी चादर टाकली तर? हसू नका, खरंच विचारतोय.


तिरकस
१५ मे, सकाळी ७:४४

काय सांगलालास बे. पेशंटला राहू दे की चादर, सलाईनला कशाला.


वॉर्ड_सहा
१५ मे, दुपारी २:१५

रात्रपाळी करून उठले आणि धागा दिसला. मी स्टाफ नर्स, सतरा वर्षं झाली.

हातमाग दादा, चादर नको. वॉर्डात चार ठिकाणी हात लागलेलं कापड पिशवीच्या तोंडाशी, लाईनच्या जोडाशी घोटाळत राहणार. टीपीएनच्या पेशंटला खरी भीती असते ती लाईनमधून होणाऱ्या इन्फेक्शनची. साखर आणि तेल जंतूंनाही आवडतं.

काळ्या कागदाची गोष्ट सांगते. पूर्वी एक्स-रे फिल्मच्या पाकिटात काळे कागद यायचे. एक्स-रेवाल्या मामांना चहा पाजायचा आणि गठ्ठा घेऊन यायचं. उजेड न सोसणारं कुठलंही इंजेक्शन चालू असलं की तोच कागद नाहीतर कार्बन पेपर. आता एक्स-रे डिजिटल झाले, कागद यायचा बंद. आम्ही अ‍ॅल्युमिनियमची फॉईल वापरतो, काही ठिकाणी तयार तपकिरी पिशव्या मिळतात. सातरस्ता ताई, तुमच्या सिस्टरनी अजून तो कागद जपून ठेवलाय म्हणजे बाई जुन्या मुशीतल्या आहेत.

त्या ब्रदरचंही फार चुकलं म्हणवत नाही. किती गेलं, किती उरलं हे दिसलं नाही तर आमच्याच डोक्याला ताप, आणि कागद कशासाठी ते त्याला कोणी सांगितलेलंच नसणार. कागदाला आकड्यांच्या पट्टीवर उभी झडप कापायची. बघायचं असेल तेव्हा उचलायची, परत लावायची. पंप असेल तर त्याच्यावर मिली दिसतातच.

आणि नुसती पिशवी झाकून भागत नाही. नळी उघडीच राहते, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं.


नवीपेठ_किराणा
१५ मे, दुपारी ३:०२

चांगली चर्चा चालू आहे. माझाही प्रश्न घ्या. ताकद कमी वाटली की मी वर्षातून दोनदा पिवळी सलाईन लावून घेतो, गल्लीतलेच डॉक्टर लावतात. दोन दिवस एकदम तरतरी. तिच्यातही हेच असतं का? तिच्यावर कोणी कागद लावत नाही.


गोळीवाले_अण्णा
१५ मे, दुपारी ४:३०

किराणाशेठ, तिच्यातही तेच. पिवळा रंग हा ब-२ चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. पांढऱ्या सलाईनचे जेवढे देतो त्याच्या दुप्पट पिवळीचे देतो माणूस, का तर रंग दिसतो. दोन दिवसांची तरतरी कशाची म्हणाल तर अर्धा लिटर पाण्याची, थोड्या साखरेची आणि तासभर पंख्याखाली आडवं पडल्याची. आतडं धड असेल तर तीच जीवनसत्त्वं भाकरी, भाजी, दूध, लिंबातून मिळतात, वाटलंच तर काही रुपयांच्या गोळीतून. जास्तीचं ब-२ तसंही लघवीतून जातं. दुसऱ्या दिवशी पिवळी धमक होते, तीच तुमची ताकद.

सातरस्ता ताईंच्या बाबांचं तसं नाही. त्यांना दुसरी वाटच नाही, जे जायचं ते त्या नळीतूनच. म्हणून तिथे अँप्यूलमध्ये किती होतं यापेक्षा शिरेपर्यंत किती पोचलं हे महत्त्वाचं. या दोन आकड्यांत फरक पडतो, आणि पिशवीकडे बघून तो ओळखू येत नाही. दूध नासलं तर फाटतं, वास येतो. ही पिशवी शेवटपर्यंत तशीच दुधी दिसते.

आता काल राहिलेलं क. तीनकप्पी पिशवी बाहेरच्या वेष्टनातून काढताना आत एक छोटी पुडी दिसते. लोकांना वाटतं बुटाच्या खोक्यातली असते तसली ओल शोषणारी. ती ऑक्सिजन शोषणारी असते. कंपनी इतकी काळजी घेते, कारण हवा आत शिरली की तेल खवट व्हायला लागतं आणि पुढे क जीवनसत्त्वाचाही फडशा पडतो. पिशवीचं प्लास्टिकही त्यात आलं. ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या एकपदरी पिशवीतून ऑक्सिजन हळूहळू झिरपत राहतो, अनेकपदरी पिशवी तो बराच अडवते.


रसायनशाळा
१५ मे, सायंकाळी ६:१०

मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. अण्णांनी हवेचा विषय काढला म्हणून बोटांवर हिशोब केला, तो मांडतो.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे १ मिली हवेत ०.२१ मिली. खोलीच्या तापमानाला १ मोल वायू साधारण २४.५ लिटर जागा घेतो. म्हणजे हा ऑक्सिजन झाला सुमारे ८.६ मायक्रोमोल. क जीवनसत्त्वाचा रेणुभार १७६. एका रेणूला एक रेणू धरला तर १ मिली हवा साधारण दीड मिलिग्रॅम क खाऊन टाकते. त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेही पुढे आणखी क खाऊ शकतं, मग आकडा दुप्पट. पिशवी भरताना आत ५० मिली हवा राहून गेली तर किमान ७५ मिलिग्रॅम गेलं म्हणून समजा. अमेरिकेत २००० साली प्रौढांच्या शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचं सूत्र बदललं, त्यात दिवसाचं क २०० मिलिग्रॅम केलं. त्यातले ७५ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणून पिशवीतली हवा काढून टाकायची, आणि क अगदी शेवटी घालायचं.

दुसरं, तांबं. टीपीएनमध्ये सूक्ष्म क्षारांचं इंजेक्शनही घालतात: जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम वगैरे. त्यातलं कणभर तांबं क जीवनसत्त्वाच्या ऑक्सिडीकरणाला भलतंच उत्तेजन देतं. स्वतः खर्च होत नाही, नुसतं भांडण लावून देतं. माझी आई तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू द्यायची नाही. तिचं कारण वेगळं, आंबटात तांबं उतरून पोट बिघडतं. पण लिंबाचं सरबत तांब्यात ठेवलं तर त्यातलं क सुद्धा झपाट्याने जाईल, हा फायदा तिला न सांगता मिळत होता.

वरून सोलापूरचा उन्हाळा. पारा ४३ च्या पुढे. ढोबळ नियम असा की १० अंश तापमान वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. वातानुकूलित खोलीतल्या २४ अंशांवरची पिशवी आणि पंख्याखालच्या ४० अंशांतली पिशवी यांचं घड्याळ एकच, पण चाल वेगळी.


हातमाग
१५ मे, सायंकाळी ६:३३

सर, म्हणजे काळा कागद लावून क वाचत नाही?


रसायनशाळा
१५ मे, सायंकाळी ६:५८

फारसं नाही. कागदाने वाचतं ते अ, ब-२, के. क वाचवायचं तर हवा कमी ठेवायची, वेळ कमी द्यायचा आणि थंड ठेवायचं. अर्थात उजेडाचाही थोडा हात असतो, आणि तो ब-२ मार्फत. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. रायबोफ्लेविन पिवळं का? कारण ते निळा उजेड गिळतं. गिळलेली ऊर्जा घेऊन ते गप्प बसत नाही, शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं, त्यातून पेरॉक्साइडं तयार होतात. म्हणजे स्वतः तर जातंच, जाताना शेजाऱ्यालाही ओढतं. काचेच्या बाटलीतलं दूध उन्हात ठेवलं की चव उतरते, तिथेही हाच गडी.


एनआयसीयू_ताई
१५ मे, रात्री ९:२६

सरांनी निळ्या उजेडाचं नाव घेतलं म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचक.

आमच्याकडे दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली बाळं असतात, एक किलोच्या आसपासची. त्यांना टीपीएन असतं आणि बऱ्याच जणांना कावीळही असते. काविळीला काय, तर निळ्या दिव्याखाली ठेवायचं. बघा आता, जो उजेड रायबोफ्लेविन गिळतं जवळजवळ तोच उजेड बाळाच्या अंगावर, आणि त्याच दिव्याखालून पिवळ्या औषधाची नळी चाललेली. मोठ्या माणसाला तासाला ८०-१०० मिली जातं, नळीतला थेंब काही मिनिटांत पार. बाळाला तासाला चार-पाच मिली. तोच थेंब तासभर, कधी त्याहून जास्त वेळ त्या दिव्याखाली रेंगाळतो.

आणि इथे प्रश्न नुसता जीवनसत्त्व कमी मिळण्याचा नाही. सर म्हणतात ती पेरॉक्साइडं बाळाला जातात, आणि त्यांना निष्प्रभ करायची ताकद इतक्या लहान जिवात नसते. २०१९ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांचं अमिनो आम्लं किंवा तेल असलेलं शिरेतलं पोषण पिशवीपासून नळीच्या टोकापर्यंत, देऊन संपेस्तोवर उजेडापासून झाकलेलं असावं. आमच्याकडे तपकिरी नळ्या कधी असतात, कधी नसतात. नसल्या की फॉईलची पट्टी नळीभर गुंडाळते. दिवसाला तीन-चार बाळांची. नवीन मुली हसतात, म्हणतात, ताई चपात्या बांधायला बसल्या.


नवीपेठ_किराणा
१५ मे, रात्री ९:५०

अण्णा, पिवळ्या सलाईनचं मनाला लागलं, पण बरोबर आहे तुमचं.

एक विचारतो. तिसऱ्या कप्प्यात तेल म्हणालात, ते कुठलं? शेंगतेल का? विचारायचं कारण, शेंगा चटणी मी काचेच्या बरणीत दुकानाच्या दाराशी ठेवायचो, लोकांना दिसावी म्हणून. पंधरा दिवसांत खवट. तीच चटणी आत, पत्र्याच्या डब्यात, बरेच दिवस टिकते. तेव्हा वाटायचं, शेंगदाणाच जुना असेल.


गोळीवाले_अण्णा
१५ मे, रात्री १०:१५

शेंगदाणा निर्दोष होता, शेठ, दाराशी ठेवणारा दोषी!

शेंगतेल नाही. स्वीडनच्या आर्विड रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीनचं तेल अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडने पाण्यात मिसळून शिरेतून देण्याजोगं केलं. आजही बऱ्याच पिशव्यांत सोयाबीनच असतं, काहींत ऑलिव्ह, माशाचं तेल वगैरेंची भर. पण खवटपणाची गोष्ट तुमच्या चटणीचीच. उजेड आणि हवा मिळाली की तेलाची पेरॉक्साइडं होतात. ई जीवनसत्त्व मध्ये पडून तेल वाचवतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं.


पीजी_मेडिसिन
१६ मे, पहाटे १:३०

ड्यूटीवर चहा घेता घेता वाचलं. धागा उत्तम आहे, पण सातरस्ता ताई वाचताहेत म्हणून थोडं पाणी ओतावंसं वाटतं.

प्रौढ रुग्ण, दोन-तीन आठवड्यांचं टीपीएन, साध्या वॉर्डातला उजेड, एवढ्यात अ किंवा ब-२ कमी पडून कोणाला काही झालेलं मी पाहिलेलं नाही. डोस ठरवताना थोडी गळती गृहीत धरलेली असते. कागद लावावा, जरूर लावावा, फुकटचं काम आहे. पण वॉर्डात माझं लक्ष आधी लाईनवर, साखरेवर, फॉस्फेट-पोटॅशियमवर असतं.

जीवनसत्त्वांपैकी मला एकाचीच खरी धास्ती वाटते, ती ब-१ ची, थायमिनची. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांचाच, आणि उपाशी राहिलेल्या पेशंटचा तोही संपत आलेला. त्यात आपण शिरेतून भरपूर साखर सोडतो. ती जाळायला थायमिन लागतंच. नसेल तर साखर अर्धवट जळून लॅक्टिक आम्ल साचतं, पेशंट बघता बघता खालावतो. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला होता. ते न घालता टीपीएन चालू ठेवलेल्या काही रुग्णांना हेच झालं, आणि थायमिन दिल्यावर ते सुधारले. तिथे ना ऊन होतं ना खिडकी. पिशवीत घालायचंच राहिलं होतं.


वॉर्ड_सहा
१६ मे, सकाळी ६:४०

डॉक्टर, थायमिनचं निघालंच म्हणून. मी लागले तेव्हा तीनकप्पी पिशव्या आमच्याकडे नव्हत्या. साखरेची बाटली वेगळी, अमिनोची वेगळी, तेलाची वेगळी, सगळ्या एकाच स्टँडला. मल्टिव्हिटॅमिन आम्ही सर्रास अमिनोच्या बाटलीत सोडायचो. एकदा फार्मसीचे सर राउंडला आले आणि म्हणाले, लेबल वाचा, यात मेटाबायसल्फाइट आहे, ते तुमचं बी-वन तोडतंय. आम्हाला काय माहीत! तेव्हापासून साखरेच्या बाटलीत.


गोळीवाले_अण्णा
१६ मे, सकाळी ९:०५

ते फार्मसीचे सर मी नव्हे, पण असतो तर आवडलं असतं.

मेटाबायसल्फाइट अमिनो आम्लं पिवळी पडू नयेत म्हणून घालतात. ते थायमिनच्या रेणूचे मधोमध दोन तुकडे करतं. सगळ्या अमिनो द्रावणांत नसतं, म्हणून लेबल. सगळं एकत्र मिसळलं की ते पातळ होतं आणि तोडण्याचा वेग कमी होतो, नुसत्या अमिनोच्या बाटलीत जास्त. म्हणजे एकाला वाचवायला घातलेलं दुसऱ्याच्या मुळावर.

डॉक्टरांशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांचं भांडण असं, की 'गळती गृहीत धरलेली असते' हे वाक्य कागद लावणाऱ्याने ऐकलं तर तो कागद लावायचं सोडतो. आणि आपल्याकडे मिळणाऱ्या प्रत्येक अँप्यूलमध्ये तेराच्या तेरा जीवनसत्त्वं असतात असंही नाही. कशात के नाही, कशात फॉलिक नाही. त्यामुळे गृहीत काय धरलंय तेही लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.


पीजी_मेडिसिन
१६ मे, सकाळी ९:२०

मान्य. दहा टक्के तुमचे.


तिरकस
१६ मे, सकाळी १०:०२

एवढं सगळं सांभाळून कोणी नुसत्या शिरेवर जगतं का पण? महिनाच्या महिना?


रसायनशाळा
१६ मे, सकाळी ११:१५

जगतं, आणि वाढतंही. १९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्याची पिल्लं तोंडाने काहीही न देता केवळ शिरेतून पोसली आणि ती भावंडांसारखी वाढली. मग तिथेच आतड्याचा मोठा भाग नसलेल्या एका तान्ह्या मुलीला तसंच पोसलं. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी शिरेतून माणूस तगवता येत होता, वाढवता येत नव्हता.


सातरस्ता
१८ मे, रात्री ९:४७

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही दोनदा.

परवा मोठ्या सिस्टरना भेटले. तक्रारीच्या सुरात नाही, वॉर्ड_सहा ताईंची झडपेची युक्ती सांगितली. त्या म्हणाल्या, "कुठून शिकून आलात?" मी म्हटलं, माहेरची माणसं आहेत माझी. खाट दुसऱ्या भिंतीला हलवली. आता झडप त्या ब्रदरनेच कापलीय, स्केल लावून, एकदम सरळ. मला बोलावून दाखवली. चिठ्ठीवर पिशवी लावल्याची वेळ होतीच, त्याने त्याखाली जीवनसत्त्व घातल्याची वेळही लिहायला सुरुवात केलीय.

पीजी डॉक्टरांचं वाचून थायमिनबद्दल आमच्या सर्जनना विचारलं. म्हणाले, पहिल्या दिवसापासून वेगळं चालू आहे. केसपेपर उघडून दाखवलं.

काकांना पिवळ्या सलाईनचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला नाही.


नवीपेठ_किराणा
१८ मे, रात्री १०:०५

काकांना माझ्याकडे पाठवा. बाबा कसे आहेत?


सातरस्ता
१८ मे, रात्री १०:१२

आजपासून तोंडाने चमचा चमचा पाणी. टिकलं तर दोन दिवसांनी तांदळाची पेज. टीपीएन अजून आठवडाभर तरी आहे. दुपारी भाऊ डबा खात होता, त्याच्या कडक भाकरीचा आवाज ऐकून बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, सोबत चटणी कुठल्या दुकानची आहे.


नवीपेठ_किराणा
१८ मे, रात्री १०:१४

आतल्या डब्यातली बाजूला काढून ठेवतो.